गुळवेलीचा अर्क आणि ओला फडका

माझं डोकं पहिल्यापासून तापट. आई म्हणायची, हिले थर्मामीटर लावाची गरजच नाही. सत्तरच्या दशकात नागपूरला एम.फार्म. करत होते, तर विषयही तापाचाच निघाला: गुळवेलीच्या पानांच्या अर्कानं ताप उतरतो का? पानं नरखेडकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेतली. सरांनी बजावलं होतं, या खेपेला जमलं नाही तर विषय बदला. म्हणजे माझी दोन वर्षं पाण्यात.

आदल्या दिवशी यीस्टचं इंजेक्शन देऊन बारा पांढऱ्या उंदरांना ताप आणला होता. सकाळी एका पिंजऱ्यातल्या सहांना अर्क पाजला, दुसऱ्यातल्या सहांना नुसतं पाणी. पाणीवाल्यांचा ताप टिकला, तरच अर्काचा गुण कळणार होता. दुसऱ्या तासाला अर्कवाल्यांचा ताप उतरू लागला. माझा जीव भांड्यात पडला आणि मी डबा खायला गेले.

परत येऊन मोजलं, तर पाणीवालेही उतरलेले. थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. तेच. म्हणजे माझ्या पानांत आणि नळाच्या पाण्यात काही फरकच नव्हता.

मग उंदराची पाठ हाताला ओली लागली.

उंदरांची देखभाल करणारे काका मोरीपाशी फडका पिळत होते.

"काका, हे तुम्ही केलं?"

"हो. ज्याइले औषध भेटलं, ते होतीन बरे. याइले तुम्ही नुसतं पाणी पाजलं. तापानं फणफणून राहिले होते ना बाई. मंग टाकला ओला फडका, लेकराच्या कपाळावर टाकतो तसा."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. वयाचीही भीड ठेवली नाही, त्याची आजही लाज वाटते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "याइलेच काहून नाही देल्लं औषध?"

सरांना खरं ते सांगितलं. ते बराच वेळ वही चाळत राहिले. शेवटी म्हणाले, "आणखी एकदाच."

पुढच्या आठवड्यात नवे बारा उंदीर आणले. काका सकाळपासून भिंतीकडे तोंड करून बसले होते, मीही डबा उघडला नाही. चौथ्या तासाला अर्कवाल्यांचा ताप उतरला होता. पाणीवाले तसेच तापलेले, अंग चोरून एकमेकांना चिकटलेले. मला हवं होतं ते मिळालं. शेवटचा आकडा वहीत लिहिला.

"झालं का बाई तुमचं?" काकांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"झालं," म्हटलं, आणि फडका मीच भिजवला.