मामा, नाला आणि छापील उत्तर

माझ्या थोरल्या मामांइतका लोकशाहीवर विश्वास असलेला माणूस अख्ख्या मध्यप्रदेशात दुसरा नसेल. आमचा मुलूख तेव्हा मध्यप्रदेशात होता. पहिल्या निवडणुकीत मत दिल्यापासून आमदार म्हणजे आपल्या घरचाच माणूस, अशी मामांची समजूत झाली होती. आमदारांना पत्र लिहायचं तर मामा आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसत, टोपी घालत आणि पाटावर ताठ बसत. मी एकदा म्हटलं, "मामा, त्यांना काय दिसणार आहे?" तर म्हणाले, "त्याइले नाही दिसत, पन मले तं दिसते ना!"

पत्राचा विषय ठरलेला. चिचगडच्या अलीकडे मामांचं गाव आणि गावाला आडवा नाला. त्याच्यावर पुलासाठी पैसा मंजूर झाल्याचं मामांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. पूल मात्र कुठे दिसत नव्हता. पावसाळाभर बाजार आणि दवाखाना पलीकडे, आम्ही अलीकडे. मामा दर आठवड्याला बांबूनं पाणी मोजत आणि कळवत, 'आज कमरेइतके. पैसा कोठे आहे?' उत्तर छापील येई : 'आपण मांडलेला विषय महत्त्वाचा असून त्यावर योग्य तो विचार करण्यात येईल.' खाली सहीचा ठप्पा.

अशी दहाबारा उत्तरं जमल्यावर मामांना शंका आली. "हे वाचून राहिले का नुसते ठप्पे मारून राहिले?" परीक्षा म्हणून त्यांनी लिहिलं, 'आमची म्हैस व्याली. रेडा झाला.' आठ दिवसांत उत्तर हजर : विषय महत्त्वाचा, योग्य तो विचार होईल. मामी हसून हसून बेजार. मामा मात्र दुखावले. त्यांनी लगेच लिहिलं, 'रेड्यावर विचार झाला असल्यास आता पुलावर व्हावा.'

या वेळी आलेलं पत्र हातानं लिहिलेलं होतं. 'मी नागपूरच्या कचेरीतला, साहेबांचा कारकून. ठप्पा मीच मारतो. तुमची सगळी पत्रं मी वाचतो, दुसरं कोणी वाचत नाही. रेड्याबद्दल अभिनंदन.'

"सापडला!" मामा ओरडले आणि त्यांनी त्याला ऐन श्रावणात गावी बोलावलं. माणूस खरंच आला. किडकिडीत, बगलेत छत्री, हातात चपला. मामा खिशात प्रश्नांची यादी घेऊन काठावर उभे. तो पाण्यात उतरला, मध्यावर त्याचा पाय घसरला आणि एक चप्पल वाहून गेली. मामा टोपीसकट पाण्यात शिरले आणि त्याला हाताला धरून बाहेर घेऊन आले. तो थरथरत म्हणाला, "मामा, मला वाटायचं तुम्ही वाढवून लिहिता." यादी खिशातच भिजली होती. "राहू द्या जी," मामा म्हणाले. "पयले धोतर बदला. भात गरम हाये."

जाताना त्यानं सगळी पत्रं साहेबांपुढे स्वतः ठेवण्याचा शब्द दिला. ठेवलीही असतील. पण लवकरच आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, नागपूरची कचेरी हलली, आणि त्याला कुठे पाठवलं ते कळलं नाही. पूल झाला तो त्यानंतर तीनेक वर्षांनी. उद्घाटनाचे हार, भाषणं आटोपून मंडळी परतली, तरी मामा कठड्याला हात टेकून मधोमध उभेच होते.

"चला ना मामा," मी म्हटलं.

"इथंच घसरला होता तो," खाली पाहत मामा म्हणाले. "पत्ता ठाऊक असता तं कळवलं असतं, बापा."