अस्तर आधी भिजवायचं

वहिनींना कुणी ‘हे तुमच्यानं व्हायचं नाही’ म्हटलं की संपलंच. मग ते काम होईपर्यंत त्या जेवणसुद्धा उभ्या उभ्या उरकायच्या. आणि धाकट्या दिरानं फोनवर नेमकं तेच वाक्य म्हटलं.

“वहिनी, लॅपटॉपचं ते हायबरनेट वगैरे तुमच्यानं व्हायचं नाही. लिनक्सवर ते मला कधी धड जमलं नाही. नाद सोडा.”

“भाऊजी, सुरुवात कुठून करायची तेवढं सांगा. नाद सोडायचा की नाही ते मी बघते.”

आता कोट शिवणाऱ्या बाईला हे नसते उद्योग कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर कारण दादा. दादा म्हणजे वहिनींचे यजमान. ते छापखान्यासाठी पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावायचे. दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडले आणि डोक्याला मार बसला. हात शाबूत, नजर शाबूत, तीस वर्षांचं कसब शाबूत. फक्त काल काय केलं ते आज आठवायचं नाही. सकाळी दोन तास ते वहिनींच्या टेबलावर काम करत. मग टेबल कापडाला लागे आणि लॅपटॉप कपाटात जाई. त्याची बॅटरी केव्हाच मेलेली. केलेलं काम सेव्ह असायचं, पण वायर काढली की उघडी पानं, दुरुस्त्यांची यादी, चित्रं, पडद्यावर मांडलेला सगळा खेळ खलास. दुसऱ्या सकाळी “मी कुठे होतो गं?” आणि ये रे माझ्या मागल्या, पुन्हा पान पहिलं!

चिठ्ठ्या लिहून झाल्या. पण स्वतःचंच अक्षर असूनही दादांचा चिठ्ठीवर विश्वास बसेना. एका प्रकरणात त्याच दुरुस्त्या तीनदा करून त्यांनी त्याची पार वाट लावली. छापखान्याच्या मालकानं हे पुस्तक जुन्या ओळखीखातर दिलेलं. एक दिवस दादा म्हणाले, “परत पाठव ते. मी आता कामाचा राहिलो नाही.”

हे वहिनींच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशीच त्यांनी दिराला फोन लावला होता.

दिरानं सांगितलं ते असं. हायबरनेट केलं की मशीन जे जे उघडं आहे ते सगळं डिस्कवर उतरवून ठेवतं आणि पूर्ण बंद होतं. मग खुशाल वायर काढा. चालू केलं की सगळं जिथल्या तिथे. त्यासाठी डिस्कवर स्वॅप नावाची फाईल लागते, आणि ती फाईल डिस्कवर नेमकी कुठून सुरू होते तो नंबर मशीनला आधीच सांगून ठेवावा लागतो. नाहीतर उठल्यावर ते बापडं शोधणार कुठे?

वहिनींनी मापांची वही काढली. कुणाच्या तरी छाती-कंबरेखाली कमांड उतरल्या. एकेक अक्षर विचारून, परत वाचून दाखवून. दीर म्हणाला, “बायको एवढं ऐकत नाही माझं.” वहिनींनी नंबर शोधला, लिहिला, मशीनला सांगितला. दादांच्या पुस्तकाला मात्र त्यांनी हात लावला नाही. कोऱ्या पानावर ‘बाही तेवीस’ असं टाइप केलं आणि हायबरनेट म्हटलं. मशीननं साफ नकार दिला: जागा पुरत नाही.

बरोबरच होतं. मशीनची मेमरी आठ जीबी आणि स्वॅप जेमतेम दोन. अंगापेक्षा कोट लहान! त्यांनी जुनी फाईल काढून टाकली, बारा जीबीची नवी बनवली. आता मशीन शहाण्यासारखं बंद झालं. वहिनी खूश. चालू केलं तर कोरंकरकरीत. ‘बाही तेवीस’चा पत्ता नाही.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. चार दिवस हेच चाललं. दिरानं हात टेकले. “वहिनी, सगळं तर बरोबर आहे. आता मलाही कळत नाही.” शेजारीण म्हणाली, द्या परत ते पुस्तक, दोघांच्या जिवाला शांतता. वहिनींनी तिला तिच्या दाराची दिशा दाखवली.

त्या फोनपासून अकराव्या दिवशी दुपारी त्या एका कोटाचं अस्तर बादलीत भिजवत होत्या. अस्तर भिजवून, वाळवून मगच त्याचं माप घ्यायचं, कारण पाण्यात पडलं की कापड आटतं. आधी मापलं की फसलंच. हे त्या शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला ओरडून सांगायच्या. आणि बादलीवर वाकल्या वाकल्या त्यांनी ओल्या हातानं कपाळ बडवून घेतलं.

“अगं बाई! मी माप आधी घेतलं!”

घोडं तिथेच पेंड खात होतं. नंबर घेतला होता जुन्या, छोट्या फाईलचा. नंतर फाईल बदलली, पण नंबर तोच ठेवला. हात पुसून त्यांनी नंबर पुन्हा काढला. वेगळाच निघाला! जुना खोडून नवा घातला, वहीतली शेवटची, नंबर पक्का करणारी कमांड दिली, हायबरनेट केलं, वायर काढली. देवाचं नाव घेऊन पुन्हा चालू केलं. ‘बाही तेवीस.’ त्यांनी आणखी तीनदा करून पाहिलं, कारण एका टाक्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा कामाला बसले. दोन तासांनी वहिनींनी हायबरनेट करून लॅपटॉप कपाटात ठेवला. त्या दिवशी त्यांनी कापडावर दोनदा चुकीची खूण केली.

आणि मग आली खरी सकाळ. दादांनी बटण दाबलं. वहिनी कात्री घेऊन समोर उभ्या, कान मात्र त्या एका प्रश्नाकडे. पडद्यावर पान त्रेसष्ट आलं. शेजारी दुरुस्त्या, अर्धवट सरकवलेलं चित्र, कर्सर ओळीच्या मधोमध. दादांनी चष्मा लावला. ओळ वाचली.

“हे चित्र जरा खाली हवं,” ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी ते खाली घेतलं.

एवढंच. ‘मी कुठे होतो गं?’ हे त्यांनी विचारलंच नाही. अकरा दिवस वहिनींची काय खटपट चालली आहे ते त्यांना रोज सांगितलं होतं आणि रोज ते विसरले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली.

“अगं, रडतेस काय?”

“सुई टोचली.”

“हातात तर कात्री आहे तुझ्या,” दादा म्हणाले आणि पान चौसष्टवर गेले.