मामांचं गुप्त मत

आपल्या देशात लोकशाही टिकून आहे ती केवळ माझ्या बायकोच्या मामांमुळे, असं मामांचं ठाम मत होतं. आणि उभ्या आयुष्यात त्यांनी जाहीर केलेलं हे एकमेव मत. बाकी कुठल्याही बाबतीत मामांना काय वाटतं हे कळलेला माणूस मला तरी भेटलेला नाही. चहा हवा की कॉफी असं विचारलं, तर "बहुमत असेल ते" म्हणायचे. हॉटेलात गेलो तर आधी सगळ्यांना मागवू द्यायचे आणि मग ज्याला सर्वांत जास्त मागणी तेच घ्यायचे. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा हे गृहस्थ कोपऱ्यातल्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते. मी बाहेर पडल्यावर सासूबाईंनी भावाला विचारलं, "मुलगा कसा वाटला रे?" मामा म्हणाले, "ताई, ते गुप्त आहे." लग्नाला पुढे पंचवीस वर्षं झाली, मला दोन मुलं झाली, टक्कल पडलं, तरी माझा निकाल काही मामांनी लावला नाही. सुरुवातीला मला फार राग यायचा. अहो, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण माणसाला असं लटकत काय ठेवता!

मामा खडकीला कारखान्यात तपासनीस होते, पण ती आपली पोटापाण्याची नोकरी. त्यांचं खरं काम म्हणजे निवडणुकीची ड्यूटी. इतरांना ड्यूटीचा आदेश आला की कुणाची कंबर धरते, कुणाची आजी अत्यवस्थ होते. मामांना आदेश आला की ते न्हाव्याकडे जायचे. मामींकडून पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घ्यायचे आणि आदल्या दिवशी सामानाची पिशवी सात वेळा उघडून तपासायचे. मामा नेहमी केंद्राध्यक्ष असायचे, म्हणजे त्या मतदान केंद्राचे मुख्य. सकाळी सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींना रिकामी पेटी दाखवायची, संध्याकाळी त्यांच्यासमोर सील करून सह्या घ्यायच्या, असा नियम. मामा पेटी नुसती दाखवायचे नाहीत, प्रत्येकाला आत हात घालून चारही कोपरे चाचपायला लावायचे. आणि सह्यांच्या बाबतीत त्यांनी सरकारी नियमाला स्वतःची एक पुरवणी जोडली होती. सगळ्यांनी एकाच पेनानं सही करायची, आणि सही झाली की ते पेन पुढच्याच्या हातात द्यायचं. टेबलावर ठेवायचं नाही.

एकदा खडकवासल्याच्या पलीकडे एका गावात दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी सख्खे भाऊ निघाले. बांधावरून अकरा वर्षं अबोला. थोरल्यानं सही केली आणि पेन टेबलावर ठेवलं. मामा म्हणाले, "हातात."

"आमी बोलत न्हाय, सायेब."

"मी बोला म्हटलेलं नाही. पेन द्या म्हटलंय."

बाहेर पेट्या न्यायला आलेला ट्रक हॉर्न मारमारून थकला. मामा हाताची घडी घालून तसेच बसले. पाऊण तासानं थोरल्यानं भिंतीकडे तोंड करून पेन पुढे केलं. धाकट्यानं घेतलं, तर ते चालेना. शेवटी तो म्हणाला, "दादा, झटक की जरा." ही गोष्ट मामांनी आपल्या दोन्ही मुलांना लहानपणी इतक्यांदा सांगितली होती, की मुलं जेवताना ती त्यांच्याआधीच म्हणून मोकळी व्हायची. "मग भावांचा समेट झाला का?" असं मी विचारलं होतं. मामा म्हणाले, "कसला समेट! अकरा वर्षांनी एक वाक्य बोलला. एका दिवसाच्या ड्यूटीत तेवढं पुरे."

मामांची ती दोन्ही मुलं, थोरला शेखर आणि धाकटी मेधा, संगणक शिकली. तेव्हा आयटीत शिरलेला जो तो जात होता तशी तीही अमेरिकेला गेली आणि तिकडचीच झाली. नागरिकत्व मिळाल्याचं दोघांनी कळवलं तेव्हा मामी डोळे पुसत होत्या. मामांनी एकच प्रश्न केला, "मतदार यादीत नाव घातलंत का?" निवृत्तीनंतर मामा-मामी खडकीचं क्वार्टर सोडून वारज्याला राहायला आले होते. दर रविवारी सकाळी टीव्हीला लॅपटॉप जोडायचा आणि पडद्यावर दोन चौकटींत दोन मुलं बघायची, हा त्यांचा आठवड्याचा सण. आम्हीही पुष्कळदा पोहे खायला जायचो.

मग ती निवडणूक आली. अमेरिकेच्या अध्यक्षाची. कोण विरुद्ध कोण ते मी सांगणार नाही. मामांच्या सहवासात एवढं तरी शिकलोय. मोजणी दिवसचे दिवस चालली. शेखरचा माणूस हरला आणि मेधाचा जिंकला. त्या रविवारी आम्ही तिथेच होतो. शेखर म्हणाला, "मोजणीत सरळसरळ घोळ आहे." मेधा म्हणाली, "हरलं की घोळ दिसतो." मग देश कुणी बुडवला, कुणाच्या डोक्यात काय भरलंय, कुणाची मुलं कुणाच्या घरात नको, असं करता करता ते बहीण-भावात कधी बोलू नये तिथवर गेलं. "बाबा, तुम्ही एवढ्या निवडणुका केल्यात, सांगा हिला!" "बाबा, तुम्ही त्याला सांगा!" मामा म्हणाले, "मी तिथं ड्यूटीवर नव्हतो." मेधाची चौकट विझली, पाठोपाठ शेखरची. पडद्यावर मामा-मामीच तेवढे उरले, पोह्यांच्या ताटल्यांसकट.

त्यानंतर शेखरचा फोन शनिवारी, मेधाचा रविवारी. एकाचं नाव दुसऱ्यापुढे काढायचं नाही. मेधा घरच्या ग्रुपमधून बाहेर पडली. मामींच्या जिवाची नुसती तगमग. "आपल्या इथे एवढ्या निवडणुका झाल्या, घरात कुणी कुणाला ब्र काढला नाही. आणि त्या तिकडच्या कुण्या बाप्यासाठी माझी पोरं एकमेकांना परकी झाली!" असं म्हणून त्या पोळ्या लाटता लाटता रडायच्या. दर रविवारी पडद्यावरची अर्धी जागा रिकामी दिसायची आणि मामांचा चहा गार व्हायचा. आपण गेल्यावर ही दोघं एकमेकांना कळवतील तरी का, असं एकदा ते मला म्हणाले, आणि मत देऊन बसलो की काय म्हणून लगेच गप्प झाले.

वर्ष असंच गेलं आणि मामांची पंच्याहत्तरी आली. तो येणार असेल तर मी नंतर येईन, असं मेधा. ती येणार असेल तर मला सुट्टी नाही, असं शेखर. मामांनी कपाटातून जुने ड्यूटीचे आदेश काढले आणि त्याच साच्यात दोघांना पत्रं टंकून पाठवली. "विषय : कर्तव्यावर हजर राहण्याबाबत. आपली नियुक्ती वारजे येथील केंद्रावर करण्यात येत आहे. गैरहजेरीची कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही. जेवणाची व्यवस्था केंद्रावर आहे." खाली सही, केंद्राध्यक्ष.

मी विचारलं, "मामा, दुसऱ्यालाही बोलावलंय हे लिहिलं नाहीत?"

"बरोबर कोण आहे हे आधी सांगायचं नसतं. लोक ड्यूटी बदलून मागतात."

दोघंही आली. शेखर बायकोला घेऊन, मेधा नवऱ्याला घेऊन, आणि दारातच एकमेकांना बघून दगड झाली. पुढचे दोन दिवस घरात जे काही बोलणं झालं ते माझ्या बायकोमार्फत. "ताई, त्याला सांग पंखा कमी कर." "ताई, तिला सांग शाल घे." माझी बायको बिचारी थकून गेली.

पंच्याहत्तरीच्या सकाळी मामा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाहेर आले आणि त्यांनी घोषणा केली की जेवायला श्रीखंड की बासुंदी याचं गुप्त मतदान होईल. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला चीर पाडून पेटी तयार होती. गॅलरीत मामींची साडी बांधून आडोसा केला होता. चिठ्ठीवर एका बाजूला श्रीखंड, दुसऱ्या बाजूला बासुंदी आणि मधे रेघ, शिक्क्याला भेंडीचा देठाकडचा तुकडा आणि निळी शाई. शेखरचा जीव श्रीखंडावर, म्हणून त्याला बासुंदीचा प्रतिनिधी नेमलं. मेधा श्रीखंडाला शिवत नाही, म्हणून ती श्रीखंडाची. "रिकामी आहे, बघून घ्या. कोपऱ्यात हात घाला." दोघांनी एकमेकांचा हात लागू न देता कोपरे चाचपले.

मतदार म्हणजे मामा सोडून, सासूबाईंसकट आम्ही घरचे आठ. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधला नागपूरकडचा आयटीवाला मुलगा डोकावला. "काकाजी, मी पण टाकू का? पण माझं नाव तर यादीतच नाही ना!" यादीत नाव नसलेल्याला मामांनी आजवर दारात उभं केलं नव्हतं. पण त्या दिवशी ते क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले, आणि स्वतःच्या हातानं त्याचं नाव यादीत चढवलं. मला जरा नवल वाटलं.

मोजणी झाली. चार बासुंदी, चार श्रीखंड, आणि नवव्या चिठ्ठीवर भेंडीचा शिक्का बरोबर मधल्या रेघेवर. शेखर म्हणाला, "हे बासुंदीत जास्त आहे." आणि मेधा उसळली, "डोळे फुटलेत का रे? श्रीखंडाकडे झुकलंय सरळ!"

"पाकळ्या मोज की! तीन इकडे आहेत."

"तू कॅरममध्ये पण अशाच सोंगट्या सरकवायचास!"

"आणि तू हरलीस की बोर्ड उधळायचीस!"

वर्षभरात पहिल्यांदा ती दोघं मधे कुणाला न घालता एकमेकांशी बोलत होती, आणि तीही नावडत्या पक्वान्नासाठी जिवाच्या आकांतानं भांडत होती. शेवटी दोघं एकदमच वळली. "बाबा, आता तुमचं मत. निर्णायक."

"केंद्राध्यक्षाला मत नसतं."

"पुरे झालं, अहो!" स्वयंपाकघराच्या दारातून मामी कडाडल्या. "जन्मात कधी दिलंयत का मत? दर निवडणुकीला माझ्या बोटाला शाई, आणि यांचं बोट कोरं. मी काय आंधळी आहे?"

मामांनी डाव्या हाताचं बोट मुठीत मिटून घेतलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नोकरीत असताना दर वेळी दुसरीकडे ड्यूटी. टपालानं मत द्यायची सोय होती, पण इतरांच्या याद्या तपासण्यात स्वतःचे कागद भरायचे राहायचे. खडकी सोडल्यावर तिथलं नाव कटलं, वारज्यात मामींचं लागलं, यांचं लागलंच नाही. "दोनदा अर्ज केला," मामा म्हणाले. "मग लाज वाटायला लागली. यादीत नाव कसं घालायचं, हे मी कुणाला विचारायचं?" मामी म्हणाल्या, "मला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हटलं, एवढं एक गुपित असू दे यांच्याकडे."

मामा पत्र्याच्या डब्याकडे बघत म्हणाले, "मांडीवर पेट्या घेऊन ट्रकमधून यायचो. त्यात माझं एकही मत नव्हतं. कुणाचं कुठलं तेही माहीत नव्हतं. सगळी सारखीच सांभाळली." मग दोन्ही मुलांकडे बघितलं. मला एकदम भडभडून आलं. हा माणूस मला इतकी वर्षं नुसता आढ्यताखोर वाटत होता.

शेखरनं लॅपटॉप उघडला आणि मतदार नोंदणीचा अर्ज काढला. मेधानं कपाटातून विजेचं बिल, जन्माचा दाखला, सगळं शोधून आणलं. "तारीख चुकवलीस." "तू आधी फोटो नीट काढ." असं खडाखडी करत दोघांनी अर्ज भरला. छापून काढलेल्या प्रतीवर दोघांनीही घरचे म्हणून सह्या कराव्यात, असा मामांचा हुकूम झाला. ही अर्थात सरकारी नियमाला त्यांचीच पुरवणी. शेखरनं सही केली, पेन टेबलावर ठेवायला गेला, आणि मामांनी मान वर केली. त्यानं पेन मेधाच्या हातात दिलं. तिनं ते कागदावर टेकवलं, थांबली, आणि त्याच्याकडे परत धरून म्हणाली, "दादा, झटक की जरा." पेन चांगलं चालत होतं.

अध्यक्षाबद्दल त्या दोघांचं आजही पटत नाही. पण दोघं परत गेल्यावरच्या पहिल्याच रविवारपासून पडद्यावर पुन्हा दोन चौकटी आल्या. अर्ज एकदा परत आला तेव्हा शेखरनं मेधाला फोन केला, मेधानं इथल्या कचेरीत फोन करून लोकांना भंडावून सोडलं, आणि यादीत मामांचं नाव लागलं. मतदानाच्या दिवशी मामांना घेऊन मीच गेलो होतो. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी ते पहिल्यांदा टेबलाच्या अलीकडच्या बाजूला उभे राहिले. शाई लावणाऱ्या मुलीला म्हणाले, "नखावरही येऊ द्या, नियम आहे." मग आडोशाआड गेले आणि इतका वेळ बाहेर येईनात की केंद्राध्यक्ष उठून उभा राहिला. त्या रविवारी त्यांनी बोट कॅमेऱ्यासमोर धरलं. दोन्ही चौकटींतून एकदम प्रश्न आला, "कुणाला दिलंत?"

मामा म्हणाले, "गुप्त आहे." आणि मनापासून हसले.

त्यानंतर दोन महिन्यांनी मामा गेले. बहीण-भावांनी वाटेत एका विमानतळावर एकमेकांना गाठलं आणि तिथून पुढे एकत्रच आली. घरी पोचली तेव्हा मामांना हॉलमध्ये ठेवलं होतं, अंगात इस्त्रीचा तोच पांढरा शर्ट. मेधानं त्यांचा डावा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला, आणि मग तो शेखरच्या हातात दिला. नखाच्या टोकाशी शाईची बारीकशी रेघ अजून शिल्लक होती.