रिव्हॉल्व्हरखालची गोधडी

आमच्या पेणच्या घरात मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, लायसनचं रिव्हॉल्व्हर होतं. रोह्याला त्यांची भाताची गिरणी होती आणि तिथला गल्ला घरी आणायचा म्हणून ते घेतलेलं. वाटेत त्यांना कधी कुणी अडवलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहिलं ते एवढंच, की मामंजी रिव्हॉल्व्हर घेऊन पुढे आणि सासूबाई गोधडी घेऊन मागे.

सासूबाईंचं माहेर हमरापूरचं, गणपतीच्या कारखान्यातलं. तिथे मूर्ती फळीवरून उतरवायची तर खाली आधी गोधडी अंथरतात. हातातली वस्तू पडणार, हे धरूनच त्यांच्याकडची माणसं चालतात. त्यामुळे मामंजींनी कपाट उघडलं रे उघडलं, की ह्या जमिनीवर गोधडी टाकायच्या. रिव्हॉल्व्हर पडेल, गोळी सुटेल आणि घरातलं कुणीतरी जाईल, ही धास्ती त्यांना कायमची. माझी लेक रांगायला लागली तशी त्यांची झोपच उडाली.

मामंजींना यात स्वतःचा अपमान वाटे. जेवायला बसलं की ते समजवायला घेत. वांग्याचा देठ म्हणजे रिव्हॉल्व्हरचा घोडा, लोणच्याची फोड म्हणजे गोळीवर आपटणारी टाचणी, आणि पापडाचा तुकडा म्हणजे मधली पट्टी.

"घोडा नि टाचणीच्या मधे जागा हाय. पडून घोडा कितीबी आपटू दे, टाचणीला लागत नाय. चाप दाबला तरच ही पट्टी वर येते, घोडा पट्टीवर आपटतो नि पट्टी टाचणीवर. चाप सोडला की पट्टी खाली. आता पडताना चाप कोण दाबणार गो? जमीन?"

"मग भरलेलं टाका बघू खाली," सासूबाई म्हणत.

मामंजी पट्टी खाऊन टाकत.

दसऱ्याला गिरणीतले पान्हे, कोयते, विळी असं सगळं पाटावर मांडून पूजा व्हायची. इतरांना हळदकुंकू पुरे. रिव्हॉल्व्हरला मात्र पंचामृताचा अभिषेक. शिवाय ते भरलेलं हवं. रिकाम्या शस्त्राची पूजा म्हणजे देवाला रिकामं ताट दाखवणं, असं मामंजींचं म्हणणं. त्या वर्षीही त्यांनी अभिषेक केला, वरवर पुसलं, चाप दाबून एकदा टक् वाजवलं, गोळ्या भरल्या आणि नमस्कार केला. मग उचलायला गेले तर तुपाच्या हातातून ते सटकलं.

लेक माझ्या मांडीवर होती. मी तिच्यावर ओणवी झाले. रिव्हॉल्व्हर घोड्याच्या बाजूने गोधडीवर पडलं. काही झालं नाही.

"बघितलंस? पट्टी," मामंजी म्हणाले.

"गोधडी," सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी सोनं द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आपट्याच्या पानाबरोबर हा वाद ऐकावा लागला. बायका गोधडीच्या बाजूने, पुरुष पट्टीच्या. मुळात वस्तू भरलेली का होती, हे कुणीही विचारलं नाही. मामंजींनी गोळ्या काढून रिव्हॉल्व्हर कपाटात बंद केलं, ते तसंच राहिलं.

पुढे निवडणूक लागली आणि हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली. मामंजी रिक्षात बसले. सासूबाईंनी गोधडी माझ्या हातात दिली नि मलाही बसवलं. लाजेने मला अर्धमेलं व्हायला झालं होतं.

"ही बी जमा करायची काय?" हवालदारांनी गोधडीकडे बघून विचारलं. मग त्यांनी रिव्हॉल्व्हर टेबलावर उघडलं, तर आतून मुंग्या निघाल्या. हवालदार खुर्ची मागे सारून उभेच राहिले.

"ह्याचा चाप पुढं येत नाय, शेट. काय खायला घालता काय याला?"

मामंजींनी ते हातात घेऊन उजेडाकडे धरलं. मीही वाकून पाहिलं. मधसाखर आत वाळून दगड झाली होती. दसऱ्याला टक् वाजवलेला चाप मागेच चिकटलेला, आणि पट्टी वर. इतक्या वर्षांचे पापड मी फुकट बघितले नव्हते, मला कुणी समजवायची गरज नव्हती. त्या दिवशी घोडा आणि टाचणीच्या मधे जागाच नव्हती. खाली नुसती फरशी असती तर? मी बाकावर बसले ती गोधडी छातीशी धरूनच.

परतताना मामंजींनी ती माझ्याकडून मागून घेतली आणि घर येईपर्यंत मांडीवर ठेवली. दारातच ते सासूबाईंना म्हणाले, "पट्टी वर होती गो."

सासूबाईंनी आत जाऊन माझ्या लेकीला उचलून घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

रिव्हॉल्व्हर मामंजींनी पुन्हा घरी आणलं नाही. पुढच्या दसऱ्याला पान्हे, कोयते, विळी मांडून झाली आणि मधोमध त्यांनी गोधडी घडी घालून ठेवली. तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि सवयीने त्यांचा हात पंचामृताच्या वाटीकडे गेला.

"ते नको हां," सासूबाई म्हणाल्या. "धुवायला मलाच लागंल."