आरशाऐवजी बाबा

संपात बाबांची गिरणी सुटली. त्यानंतर काही वर्षांनी मी दादरला टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला. वर्गात मुलगी मी एकटीच. लालबागच्या एका दुकानातर्फे मी घरोघर जायला लागले, तेव्हा "एकटी कशी जातलंस?" म्हणत बाबा पिशवी उचलून निघाले. आयुष्यभर कापडाचे साचे, म्हणजे माग, चालवलेला माणूस. घरात बसवत नव्हतं त्यांना.

पहिली तक्रार नायगावच्या चाळीतली. आवाज येतोय, पडदा काळा. ब्राइटनेसचं बटण कितीही फिरवा, फरक नाही. मी बाबांना समजावलं: पिक्चर ट्यूबच्या मानेत कॅथोड तापतो, त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. त्यांच्या वाटेत बारीक भोकाची एक टोपी असते, ती ग्रिड. ग्रिडचं व्होल्टेज कॅथोडपेक्षा जितकं खाली, तितके इलेक्ट्रॉन मागेच अडतात आणि चित्र अंधारतं. बटणाने आपण तेवढा फरकच कमी-जास्त करतो.

"म्हणजे माल मागे तयार आसा, गेटार अडवलेलो आसा," बाबा म्हणाले.

मीटर लावला. बटणाकडून ग्रिडकडे जाणाऱ्या वाटेतला एक रेझिस्टर गेला होता. तो बदलला. आता आतला स्क्रू फिरवून उजेड बसवायचा होता. स्क्रू मागे, चित्र पुढे. म्हणून मेकॅनिक पडद्यासमोर आरसा ठेवतात. माझा घरी राहिला होता. बाबाच पुढे बसले.

"वाढव गो... थांब, काळो कोट राखाडी झालो. कमी कर. बस!"

काळं काळंच राहिलं होतं आणि चेहरेही स्वच्छ दिसत होते. कापडातला दोष लांबून हेरणारी नजर होती ती. पुढे कित्येक वर्षं मी आरसा नेलाच नाही.

वरळीला गिरणीतल्या त्यांच्याच खात्यातला एक जुना सोबती भेटला. "काय रे, आता लेकीची पिशवी उचलतोस?"

"उचलतंय तर! तुझ्या टीव्हीतलो उजेड ह्याच पिशवीत आसा."

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. "वाढव, अजून वाढव," म्हणायचे. चित्र पांढरंफटक व्हायचं, घरातली माणसं माझ्याकडे बघायची. मी बाबा म्हणतील तसं करायची आणि ते जिन्याकडे वळले की स्क्रू हळूच मागे फिरवायची. एकदा ते विसरलेला चष्मा घ्यायला परत आले. माझा हात सेटच्या मागेच होता. त्यांनी तो पाहिला. चष्मा घेतला, पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी मी तयार झाले, तर ते खिडकीशी बसून होते.

"चला ना, बाबा."

"आता तुझा तुकाच दिसता गो."

पुढच्या महिन्यात ते गावी गेले, आणि तिथेच गेले.

मी नंतरही बरीच वर्षं सेट उघडले. चपटे टीव्ही आले, दुकान बंद झालं. मला अजून वाटतं, एखाद्या घरी तरी त्यांनी सांगितलेला उजेड तसाच ठेवायला हवा होता. लोकांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं असतं. गेलो असतो आम्ही दोघं.