निघण्याआधीचं बसणं

प्रवासाला निघण्याआधी रशियन घरात सगळे घडीभर गप्प बसतात. मॉस्कोतल्या माझ्या घरमालकीण वेरा पाव्हलोव्हना, सैन्यभरती चुकवून देश सोडणारा त्यांचा मुलगा आणि मी, तसेच बसलो होतो. एवढ्यात लिफ्ट आमच्याच मजल्यावर थांबली. या देशातल्या किती पिढ्या अशी बाहेरची पावलं ऐकत बसल्या असतील! माझा हात खिशातल्या भारतीय पासपोर्टवर गेला. वेराबाईंनी ते पाहिलं.

"तुम्ही आत जा," त्या कुजबुजल्या. "तुम्ही परके. तुम्ही काही पाहिलं नाही."

खरं सांगतो, मी लगेच उठलो.

पावलं शेजाऱ्यांच्या दाराशी गेली. मुलगा हसला, "अहो, मध्येच उठलात! आता पुन्हा बसायला हवं."

दोघांनी सरकून मला जागा केली. मला बसवेना.