गंगूआजीचे गव्हले

मालेगावच्या त्या वस्तीत कुणाचंही लग्न निघालं, की गव्हले करायला गंगूबाईंना बोलावणं यायचंच. शेवईच्या पिठाचे बारीक बारीक दाणे, अगदी गव्हासारखे, दोन्ही टोकांना निमुळते, त्यांच्या बोटांतून ताटात टपटप पडायचे. गप्पा चालू, नजर भलतीकडेच, पण दाणा चुकायचा नाही. केनवडहून नवरी होऊन आल्या तेव्हापासून लोकांच्या शेतात निंदण केलेल्या हातांत ही हलकी कारागिरी आली कुठून, हे सून स्नेहाला कधी उमगलं नव्हतं. दर बुद्धपौर्णिमेला विहारात खीर जायची ती याच गव्हल्यांची.

यंदा होळीनंतर गंगूबाईंना लकवा झाला. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. डॉक्टर म्हणाले होते, डावा हात चांगला आहे, त्याला कामाला लावा. पण त्या काही करायलाच तयार नव्हत्या. आणि सात वर्षांची धम्मदीपा, जी आजीच्याच कुशीत झोपायची, ती आता खाटेजवळही जाईना.

"मम्मी, आजीचा तो हात मेला काय?" तिने एकदा विचारलं होतं. गंगूबाईंनी ते ऐकलं. त्या दिवसापासून तो हात पदराखाली गेला तो गेलाच.

स्नेहाच्या जिवाला तोच घोर लागला होता. पोर अशीच दूर राहिली तर म्हातारी मनानंच खचेल, आणि मोठेपणी पोरीलाही ते सलत राहील.

पौर्णिमेला खीर नाही तर नाही, विहारातल्या मुलांसाठी कपकेक करू, असं तिने ठरवलं. शेजारची राखी आणि तिचा भाऊ मुन्ना मदतीला आले. पिठीसाखर कालवून पंचशील ध्वजाचे रंग केले: निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. दुपारभर मुलांनी केकवर पट्टे ओढले. धम्मदीपा खाटेकडे पाठ करून बसली होती.

"लवकर सुकू दे," म्हणत स्नेहाने सगळी ताटं कूलरपुढे मांडली. वैशाखात जे ते कूलरपुढेच ठेवायची सवय. नुसत्या कोरड्या उष्म्यात साखर घट्ट झाली असती. कूलरच्या ओल्या वाऱ्याने तिला पाणी सुटलं. मुलं टरबूज खाऊन येईपर्यंत रंग एकमेकांत उतरून मातकट झाले होते.

"काय बाप्पा!" राखी ओरडली. "हे तं नालीचं पाणी दिसून राह्यलं!"

"काकू, तुमी कॉलेजात हेच शिकल्या काय?" मुन्ना म्हणाला.

धम्मदीपाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात खाटेवरून ओढत ओढत आवाज आला, "पोट्टेहो... रडता कायले? पीठ आना... गव्हले करू."

स्नेहाने घाईघाईने उरलेली पिठीसाखर, दूध पावडर आणि तूप मळून रंगीत गोळे केले. गंगूबाईंनी डाव्या हाताने चिमूट घेतली, अंगठ्याने मांडीवर वळून पाहिली. दाणा लुगड्याला चिकटला, चपटा झाला. पुन्हा केला, पुन्हा तेच.

"खाली दुसरा हात लागते," त्या पुटपुटल्या आणि पदराकडे पाहू लागल्या.

मुन्ना पुढे व्हायला निघाला. त्याच्याआधी धम्मदीपा उठली. खाटेपाशी जाऊन उभी राहिली, आजीच्या वाकड्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं आणि आपला उजवा तळवा पुढे धरला.

"याच्यावर कर."

आजीचा डावा अंगठा त्या इवल्या तळव्यावरून सरकला. एकदा, दोनदा. निळा दाणा तयार झाला, दोन्ही टोकांना निमुळता.

"गुदगुल्या होऊन राह्यल्या व आजी!"

"हालू नको, पोट्टे. बिघडते."

स्नेहा हातातला चमचा तसाच धरून पाहत राहिली. अर्धा हात म्हातारीचा, अर्धा पोरीचा, आणि दाणे पडताहेत टपटप, पूर्वीसारखे. निळे, पिवळे, लाल, पांढरे, केशरी. एवढे दिवस ती ज्या हाताच्या काळजीने झुरत होती, तो असा दोघींच्या मध्ये कुठून तरी उगवून आला होता.

राखीने आणि मुन्नाने केकवरची साखर खरवडून दाणे ओळीने लावले.

संध्याकाळी विहारात गंगूबाईंना खुर्चीवर बसवून नेलं. तिथे त्यांच्याच वयाच्या रुखमाबाईंनी केक डोळ्यांजवळ धरला. "हे तं गंगूचे गव्हले! काहून व, तुवा हात उठला काय?"

गंगूबाई काही बोलण्याआधी धम्मदीपाने आजीच्या पदराखालून तो उजवा हात काढला, त्याच्या तळव्यावर एक केक ठेवला आणि पडू नये म्हणून खालून आपला हात लावला.

"उठला नाही," ती रुखमाबाईंना म्हणाली. "मी धरते ना."